जुने दार बंद झाले, नवे कोण उघडणार?

आंबेडकरी चळवळ, समलिंगी-ट्रान्स तरुण आणि आपली गावे

आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या बैठकीत समलिंगी किंवा ट्रान्स तरुणांचा विषय निघाला की तीन उत्तरे ठरलेली असतात. एक, हे शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या उच्चवर्णीयांचे खूळ आहे. दोन, अ‍ॅट्रॉसिटी, बेरोजगारी, रखडलेली शिष्यवृत्ती हे प्रश्न समोर असताना हा विषय कशाला? आणि तीन, आपल्या वस्तीत 'तसले' कोणी नाहीच. औरंगाबाद, जालना, बीड, परभणी या पट्ट्यात काम करताना आम्ही ही उत्तरे इतक्यांदा ऐकली आहेत की आता त्यांचा मुकाबला इतिहासाच्या आधारेच करावा असे आम्हाला वाटते. कारण ही तिन्ही उत्तरे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हा प्रश्न चळवळीला बाहेरून चिकटलेला नाही. जातिव्यवस्थेने आपल्या समाजातल्या वेगळ्या मुलांसाठी एक दार ठेवले होते, ते गुलामीचे दार होते. बाबासाहेबांनी ते बंद करायला सांगितले आणि ते योग्यच होते. पण त्या दारातून ज्यांना आत ढकलले जात होते, त्यांच्यासाठी सन्मानाचे दुसरे दार उघडायचे काम अर्धवट राहिले. ते मुंबई-पुण्यात बसून पूर्ण होणार नाही. ते तालुक्याच्या गावी, विहारात, वसतिगृहात आणि अभ्यासिकेतच करावे लागेल.

१९३४ : बाबासाहेब कोणाच्या बाजूने उभे राहिले?

'हा आपला विषय नाही' म्हणणाऱ्यांनी आधी १९३४ सालचा एक खटला वाचावा. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवत होते. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण हे त्याचे विषय. वाचक नाव न सांगता अडचणी विचारत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्याआधी एका खटल्यात त्यांना दंड झालेला होता. सनातनी मंडळी त्यांच्यावर टपून बसली होती. अशा वेळी त्यांचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तो काळ लक्षात घ्या. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, १९३२ चा पुणे करार झाला होता. अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा सगळा भार एका माणसाच्या खांद्यावर होता. 'आपल्यापुढे मोठे प्रश्न आहेत' असे म्हणण्याचा अधिकार त्या वेळी कोणाला असेल तर तो बाबासाहेबांनाच होता. त्यांनी तसे म्हटले नाही. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, शास्त्रीय ज्ञान मिळवण्याचा लोकांना हक्क आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते याची नोंद इतिहासात राहिली. आमच्याच शहरातले नाटककार अजित दळवी यांनी कर्व्यांच्या या लढ्यावर 'समाजस्वास्थ्य' हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते रंगभूमीवर आणले. नाट्यरसिकांपर्यंत पोहोचलेली ही गोष्ट आपल्या जयंतीच्या व्याख्यानमालांत मात्र क्वचितच ऐकू येते.

१९३६ : दामोदर हॉलमधली सभा

आता दुसरे साल. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १६ जून १९३६ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये एक वेगळीच सभा झाली. पोतराज, वाघ्ये-मुरळ्या, जोगतिणी, आराधी, देवदासी यांची ती सभा होती. कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियाही तिथे आल्या होत्या. देवाच्या नावावर आपल्या समाजाची मुले सोडणारी ही सगळी प्रथा धर्मांतराबरोबरच गाडली पाहिजे, असा त्या सभेचा अर्थ होता.

या यादीकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहा. यल्लम्मा, खंडोबा, मरीआई, तुळजाभवानी या देवस्थानांभोवती जी माणसे 'सोडली' जात, ती बहुतांश महार, मांग आणि तत्सम जातींची. पोतराज हा घागरा नेसतो, केस वाढवतो, अंगावर आसूड ओढून घेतो आणि दारोदार मागतो. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जोगता लुगडे नेसतो. तमाशातला नाच्या पोऱ्या बहुतेकदा आपल्याच वस्तीतला. पोतराज झालेला प्रत्येक जण किंवा नाच्या झालेला प्रत्येक मुलगा ट्रान्स होता असे आम्ही म्हणत नाही, ते खोटे ठरेल. आमचा मुद्दा वेगळा आहे. एखादा मुलगा बायकी वागतो, त्याला लुगड्याची ओढ आहे, तो लग्नाला तयार नाही, असे दिसले की गाव त्याला एकच जागा दाखवत असे. 'देवीने धरलाय' म्हणायचे आणि त्याला देवीला वाहून टाकायचे. मग तो मागून खाणार, लोक त्याच्या पाया पडणार आणि रात्री तेच लोक त्याचा उपभोग घेणार. उच्चजातीय घरातल्या तशाच मुलाला देवीला वाहिल्याची उदाहरणे किती सापडतात? लिंगभावाचे वेगळेपण सर्व जातींत जन्माला येते. पण त्याची शिक्षा कोणी कशी भोगायची हे जात ठरवते.

दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी हे जिणे सोडा असे बजावले. पोटाचा प्रश्न त्यांना ठाऊक होता, तरी स्वाभिमानाशी तडजोड नको हा त्यांचा आग्रह होता. त्या स्त्रियांना त्यांनी जो पर्याय सांगितला तो लग्नाचा, संसाराचा, इतर समाजातल्या स्त्रियांसारख्या प्रतिष्ठेच्या आयुष्याचा. ज्या स्त्रीला लग्नाचा हक्कच नाकारला होता तिच्यासाठी ही क्रांतीच होती. पण ज्याला किंवा जिला त्या चौकटीतल्या लग्नात जगताच येत नाही, त्या माणसाने कुठे जायचे? हा प्रश्न १९३६ च्या सभेपुढे नव्हता. तो आज आपल्यापुढे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर लाखो घरांतून देव्हारे गेले. जग गेला, परडी गेली, घागरा गेला. जुने दार बंद झाले. मात्र त्यानंतरही बौद्ध घरांत तशी मुले जन्माला येतच राहिली. देवी गेली म्हणून ती मुले येणे थांबणार नव्हते.

निजामाचा कायदा आणि गुन्हेगारीचा शिक्का

मराठवाड्याचा स्वतःचाही एक इतिहास आहे, तो मुंबई इलाख्याच्या इतिहासात दिसत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो भटक्या-विमुक्तांवर झालेल्या अन्यायाचा दाखला म्हणून आपल्याला माहीत आहे. त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणजे पारधी, कैकाडी यांच्या कपाळी जो शिक्का मारला गेला, तोच हिजड्यांवरही मारला गेला.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानाने १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, स्वतःचा तसाच कायदा केला. हैदराबाद शहरातल्या आणि सरकार जाहीर करील त्या इतर ठिकाणच्या हिजड्यांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेला माणूस बायकी कपडे घालून किंवा दागिने लेवून रस्त्यावर दिसला, नाचला, गायला, तर त्याला वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. संस्थान १९४८ साली संपले, पण हा कायदा तेलंगणात नावापुरता का होईना पुस्तकात राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला तो जुलै २०२३ मध्ये. विमुक्तांच्या लढ्याला आपण आपला लढा मानतो. मग त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात ज्यांची नावे होती, ते परके कसे?

४ नोव्हेंबर १९४८ : एकाच भाषणातल्या दोन गोष्टी

कोणी म्हणेल, गावात कशाला राहायचे? बाबासाहेबांनीच खेडी सोडायला सांगितले होते. हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण तो आपल्या परंपरेतूनच येतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांचा गौरव करणाऱ्यांना फटकारले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, ही त्यांची भूमिका त्या भाषणात स्पष्ट आहे. त्याच भाषणात त्यांनी 'संवैधानिक नैतिकता' ही कल्पना मांडली. ही नैतिकता आपल्या लोकांत उपजत नाही, ती शिकवावी आणि रुजवावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले. दोन्ही निकालांत याच संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला गेला. बहुसंख्यांना काय पटते यावर कोणाचे मूलभूत हक्क ठरत नाहीत, ही त्या निकालांची भूमिका. म्हणजे या देशातल्या समलिंगी माणसाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून बाहेर काढणारा विचार आपल्याच बापाचा आहे, आणि आपण म्हणतो हा विषय पाश्चात्त्यांचा.

आता दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. खेडे अन्यायाचे आगर आहे आणि नैतिकता रुजवावी लागते. मग ती कुठे रुजवायची? जिथे ती नाही तिथेच. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले, पण मराठवाडा सोडून दिला नाही. निजामी राजवटीत शिक्षणाला पारखा झालेला हा प्रदेश, म्हणूनच १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवन उभे राहिले. खेड्यातला मुलगा गावकुसाबाहेरून निघाला की त्याला जवळच एक पक्की जागा मिळावी, हा त्यामागचा विचार होता. शिकायला, नोकरीला गाव सोडणे हे स्वातंत्र्य आहे. मार खाऊन, अपमान गिळून, रातोरात गाव सोडावे लागणे हा बहिष्कार आहे. गावाने घातलेला बहिष्कार म्हणजे काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि पळून गेलेला मुलगा शहरात पोहोचतो कुठे? ज्याच्याकडे इंग्रजी, पदवी आणि भाड्याचे पैसे आहेत त्याच्यासाठी शहरात संस्था आहेत, मोर्चे आहेत. १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' निघाले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट, २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्यांत जे पोहोचले ते प्रामुख्याने एड्स नियंत्रणाच्या निधीतून पोहोचले. तिथे आपली मुले 'जोखीम गट' म्हणून मोजली गेली. तपासणी झाली, निरोध मिळाला. जात कोणती, शाळा का सुटली, जमीन कोणी हिरावली, हे त्या फॉर्मात विचारायला रकानाच नव्हता. बाकीच्यांच्या वाट्याला डेरा, सिग्नलवरची मागणी आणि पोलिसांचा दंडुका. जात शहरातही सुटत नाही. २०१५ साली दिल्लीच्या प्राइड मोर्चात काही तरुणांनी 'आम्ही दलित आहोत आणि क्वीअरही' हे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्या चळवळीला आपल्यातली जात पहिल्यांदा उघड्यावर पाहावी लागली.

अमेरिकेतल्या आपल्या भावंडांकडे पाहा

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर काढली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हे नाते आपण अभिमानाने सांगतो. मग त्या नात्यातली ही पानेही वाचली पाहिजेत.

२८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण झाले, त्याची सगळी जुळवाजुळव बेयार्ड रस्टिन या माणसाने केली. रस्टिन समलिंगी होते. १९५३ साली त्यासाठी त्यांना अटकही झाली होती. १९६० मध्ये चळवळीतल्याच एका बड्या पुढाऱ्याने त्यावरून बदनामीची धमकी दिली आणि रस्टिन यांना किंग यांच्यापासून दूर व्हावे लागले. तीन वर्षांनी मोर्चाची वेळ आली तेव्हा त्यांच्याशिवाय काम होईना. विरोधकांनी अमेरिकन सिनेटमध्ये त्यांची अटक उगाळली. या वेळी मात्र चळवळ त्यांच्यामागे उभी राहिली आणि मोर्चा यशस्वी झाला. माणूस दूर केला तेव्हा चळवळीचे नुकसान झाले, जवळ केला तेव्हा इतिहास घडला.

१५ ऑगस्ट १९७० रोजी ब्लॅक पँथरचे नेते ह्यूई न्यूटन यांनी आपल्या कार्यकर्त्यांना उद्देशून निवेदन केले. समलिंगी लोकांविषयी तुमच्या मनात भीती वा तिटकारा असला तरी त्यांना शोषितांच्या आघाडीत सामील करा, त्यांना हिणवणारे शब्द वापरणे बंद करा, असा त्याचा आशय होता. आपली पँथर जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांची आक्रमकता घेतली. हे पान मात्र तिकडेच राहिले.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या खेड्यातल्या कामाचा धडा. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे गुलामगिरीचा, कापसाच्या मळ्यांचा, झाडाला टांगून मारण्याचा प्रदेश. तिथून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेले, जसे आपले लोक मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. १९७४ साली बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ज्यांत अनेक समलिंगी होत्या, कोम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह हा गट काढला. शहर बोस्टन, पण नाव घेतले दक्षिण कॅरोलिनातल्या नदीचे, जिथे १८६३ साली हॅरिएट टबमन यांच्या मोहिमेने सातशेहून अधिक गुलाम मुक्त केले. १९९३ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम येथे सदर्नर्स ऑन न्यू ग्राउंड ही संघटना सुरू झाली. तीन कृष्णवर्णीय आणि तीन गोऱ्या समलिंगी स्त्रियांनी ती उभी केली. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोला पळून जाणे हाच एक मार्ग नाही, आपण जिथे जन्मलो तिथेच, लहान गावांत, मजुरी आणि वर्णद्वेषाच्या प्रश्नांसह संघटन करायचे, हा तिचा आग्रह. ई. पॅट्रिक जॉन्सन या अभ्यासकाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या मुलाखती घेऊन २००८ साली 'स्वीट टी' हे पुस्तक केले. त्यात दिसते की त्यांतल्या अनेकांना स्वतःची जागा सापडली ती गावातल्या चर्चच्या गायनवृंदात. प्रवचनात त्यांची निंदा होई, पण त्यांच्या आवाजाशिवाय रविवारची प्रार्थना उभी राहत नसे. आपल्याकडे विहारातल्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकीवर बसलेला, पेटी वाजवणारा, जयंतीची सजावट एकहाती करणारा एखादा मुलगा आठवून पाहा. 'आपल्यात कोणी नाही' म्हणताना आपण कोणाला पुसून टाकतो आहोत?

महाराष्ट्राचा इतिहास गावांत घडतो आहे

आपल्या राज्यातही गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना शोधल्या तर त्या मुंबईबाहेर सापडतात. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून थेट निवडून दिले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका पोलीस शिपायाने लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण न्यायालयात आणि मंत्रालयात गेले आणि २०१८ साली ललित साळवे या नावाने तोच शिपाई पुन्हा वर्दीत उभा राहिला. आपल्या मराठवाड्यातला, ग्रामीण भागातला माणूस.

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीने महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीलाच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. रवींद्र घुगे यांनी, तो अर्ज स्वीकारायला लावला. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क २०१४ च्या नालसा निकालाने दिला आहे, त्याचा हा थेट वापर होता. त्यानंतर गावाने अंजली पाटील यांना निवडूनही दिले. 'खेड्यातले लोक स्वीकारणार नाहीत' असे शहरात बसून म्हणणाऱ्यांना तरंगफळ आणि भादलीच्या मतदारांनी उत्तर दिले आहे.

श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी राहून दिशा पिंकी शेख यांनी कविता लिहिली, 'कुरूप' हा संग्रह दिला आणि २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिले. फैजपूरच्या शमिभा पाटील यांना त्याच पक्षाने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रावेरमधून उमेदवारी दिली. पक्षाविषयी कोणाचे काही मतभेद असोत, पण प्रस्थापित पक्षांनी जे केले नाही ते आंबेडकरी राजकारणाने केले, ही नोंद झालीच पाहिजे. पुढाऱ्यांनी दोन पावले टाकली आहेत. वस्तीतली शाखा, मंडळ आणि विहार समिती अजून जागची हललेली नाही.

धम्म काय सांगतो?

काही बांधव विनयाचा दाखला देतात की 'पंडक' व्यक्तीला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. नियम आहे, आम्ही तो लपवत नाही. पण तो भिक्खूसंघातल्या प्रवेशाचा आहे, उपासकाच्या माणूसपणाचा नाही. आणि त्याच विनयपिटकात, पहिल्या पाराजिकाच्या विवेचनात, एका भिक्खूच्या शरीरात स्त्रीचे लक्षण प्रकट झाल्याची कथा येते. तथागत त्याला हाकलत नाहीत. तीच उपसंपदा, तीच ज्येष्ठता कायम ठेवून भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुज्ञा देतात. धम्मपदाच्या अट्ठकथेतला सोरेय्य पुरुषाचा स्त्री होतो, पुन्हा पुरुष होतो आणि शेवटी अर्हत होतो. ग्रंथात दोन्ही बाजू आहेत. निवड करायला बाबासाहेबांनी आपल्याला कसोटी दिली आहे. बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. तिला अपवाद जोडलेला नाही.

नावाची किंमत मराठवाड्याला विचारा

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, माणसे मारली गेली, लाँग मार्च निघाले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. एका नावासाठी सोळा वर्षे लढलेला हा समाज आहे. 'नावात काय आहे' असे तेव्हा आपल्यालाही विचारले गेले होते आणि 'नावात आमचे माणूसपण आहे' असे आपण म्हणालो होतो. आज एखादी ट्रान्स मुलगी म्हणते, मला माझ्या नावाने हाक मारा, गुणपत्रिकेवर माझे नाव लावा, तेव्हा नेमके याच समाजाने हसावे?

मग करायचे काय?

पहिले, वसतिगृह. समाजकल्याणच्या वसतिगृहात ज्या मुलाच्या चालण्याची नक्कल होते, तो सहामाहीपूर्वी शाळा सोडतो, मग त्याची नोंद 'गळती' अशी होते. यूजीसीने २०१६ साली लैंगिक कल आणि लिंगओळख यावरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत आणला आहे. हा नियम आपल्या विद्यार्थी संघटनांनी महाविद्यालयांच्या फलकावर लावायला लावावा.

दुसरे, भोंदूगिरी. मुलाला 'बरे' करण्यासाठी घरचे भगताकडे नेतात, कधी डॉक्टरकडे. समलिंगी कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याने आईबापांसमोर बसून हे शांतपणे सांगायचे आहे. वधू-वर मेळाव्यात नाव घालण्याची घाई थांबवायची आहे, कारण जबरदस्तीच्या लग्नात त्या घरात येणाऱ्या मुलीचेही आयुष्य जळते.

तिसरे, आरक्षण. नालसा निकालाने ट्रान्स व्यक्तींना मागास मानून आरक्षण द्यायला सांगितले. पण सगळ्यांना एकाच मागास प्रवर्गात टाकले तर अनुसूचित जातीच्या ट्रान्स व्यक्तीला आपल्या जातीचे आरक्षण आणि ट्रान्स म्हणून मिळणारे आरक्षण यांत निवड करावी लागते. तामिळनाडूच्या दलित ट्रान्स कार्यकर्त्या ग्रेस बानू यांनी म्हणून समांतर आरक्षणाची मागणी लावून धरली. कर्नाटकाने २०२१ साली एक टक्का समांतर आरक्षण दिले. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात ट्रान्स उमेदवारांसाठी पर्याय ठेवण्यासाठीही डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. समांतर आरक्षणाची मागणी आपल्या मोर्च्यांच्या निवेदनात असली पाहिजे. तसेच २०१९ साली झालेल्या ट्रान्सजेंडर कायद्यात ट्रान्स व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली गेली. खैरलांजीनंतर रस्त्यावर उतरलेल्या समाजाला एका देहाची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी ठरवण्यातला अन्याय समजावून सांगावा लागू नये.

चौथे आणि सर्वांत सोपे, विहार. रविवारच्या वंदनेनंतर तास-दोन तास विहार तरुणांसाठी उघडे ठेवा. अभ्यासिकेत १९३४ च्या खटल्याचे वाचन घ्या. जयंतीच्या स्टेजवर बायकी चालीची नक्कल करून हशा मिळवणारा कार्यक्रम बंद करा आणि त्याच स्टेजवर एखाद्या ट्रान्स कार्यकर्तीला व्याख्यानाला बोलवा. याला अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. समितीच्या एका बैठकीत हे ठरू शकते.

गावाने देवीच्या नावाने जी मुले बाहेर काढली, ती आपली होती. आज जी मुले रात्रीच्या गाडीने मुंबईला निघून जातात, तीही आपलीच आहेत. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीची पहिली बैठक जेव्हा बसेल, तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या.

जय भीम!